गोल्फचं घड्याळ घ्यावं का? आधी सीसीतले सहा लाख बघू

वाचकाचं पत्र थोडक्यात असं. वय 44, मुक्काम अलिबाग तालुक्यात चोंढीजवळ. मुंबईच्या लोकांना शनिवार-रविवारचे बंगले बांधून देण्याचा व्यवसाय. घरी पत्नी, 16 आणि 12 वर्षांची दोन मुलं आणि 71 वर्षांची आई. एका ग्राहकाच्या संगतीने गोल्फची गोडी लागली. आता महिन्यातून दोनदा खारघरला सिडकोच्या कोर्सवर खेळायला जातात. हॅंडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 24. बरोबरच्या सगळ्यांकडे अंतर मोजायची यंत्रं आहेत. प्रश्न असा, की 42 हजारांचं जीपीएस घड्याळ नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावं, की 20 हजारांचा लेझर रोख घ्यावा? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "पुढच्या महिन्यात पॉलिसीचा तिसरा हप्ता 3 लाख आहे, तो नेहमीप्रमाणे सीसीतून जाईल, त्यामुळे घड्याळ ईएमआयवर बरं पडेल." (सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, धंद्यासाठी बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेली उधारी.)

घड्याळाचं आधी सांगतो, कारण ते लवकर आटोपतं. आत्ता घेऊ नका.

जीपीएस घड्याळात कोर्सचा नकाशा आधीच भरलेला असतो. तुम्ही उभे आहात तिथून ग्रीनची (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची) अलीकडची कड, मध्य आणि पलीकडची कड किती यार्डांवर आहे हे तीन आकडे ते दाखवतं. बंकर (वाळूचे खड्डे) आणि पाण्याचं अंतरही दाखवतं. आज झेंडा ग्रीनवर नेमका कुठे रोवला आहे, हे त्याला कळत नाही. लेझर थेट झेंड्याचं अंतर देतो, साधारण यार्डभराच्या फरकाने, पण झेंडा स्वच्छ दिसला पाहिजे. तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात साइट बंद असतात, तेव्हाच खेळणं जास्त होतं. पावसात आणि धुक्यात लेझरचा किरण विखुरतो आणि आकडा भलताच येतो किंवा येतच नाही. म्हणजे जुलैत लेझर पिशवीतच राहणार. दोन्हींत निवडायचंच असेल तर तुमच्यासाठी जीपीएस बरं. पण तेच तीन आकडे देणारी मोफत अ‍ॅप फोनवर मिळतात. एक पावसाळा त्यावर खेळून बघा.

नियमांचंही पाहून ठेवा. 1 जानेवारी 2019 पासून अंतर मोजायचं यंत्र वापरायला मुळातच परवानगी आहे. स्पर्धेच्या समितीला नको असेल तर ती स्थानिक नियम करून बंदी घालू शकते. त्याआधी उलट होतं, समितीने मुभा दिली तरच चालायचं. मात्र चढउताराचा हिशेब करून देणारी सोय आणि चेंडू कुठे आहे ते पाहून 'अमुक क्लब (काठी) घ्या' असं सुचवणारी सोय स्पर्धेच्या फेरीत वापरता येत नाही. पहिल्या चुकीला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात त्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्यांदा तेच केलं तर बाद. दुकानदार 42 हजारांच्या घड्याळात ज्या सोयींचं कौतुक करतो आहे, त्यातल्या दोन मोठ्या सोयी स्पर्धेत बंद ठेवायच्या आहेत.

आणि तुमचा सात नंबरचा आयर्न, तुमच्याच शब्दांत, "कधी 120 जातो, कधी 145". फटक्यातच पंचवीस यार्डांची तफावत असताना तीन यार्डांच्या अचूकतेने काय साधणार? रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चार-पाच सकाळी बादलीभर चेंडू मारा आणि कुठला क्लब सरासरी किती जातो ते वहीत लिहा. याला घड्याळाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही खर्च येणार नाही.

आता शेवटच्या ओळीकडे येतो. ती वाचून मी तुम्हाला फोन करून पॉलिसीचे कागद आणि ती विकणाऱ्या बँकेतल्या अधिकाऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मागवले. सगळं पाठवलंत, बरं झालं.

मेसेजमध्ये लिहिलंय: "30 लाख भरा, 60 लाख हमखास, म्हणजे 100 टक्के नफा, 10 वर्षांत, वर्षाला 10 टक्के." पॉलिसीच्या कागदावर वेगळंच आहे. हप्ते 10 वर्षं भरायचे, दरवर्षी 3 लाख. 60 लाख मिळणार ते विसाव्या वर्षाच्या शेवटी. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं, सरासरी साडेपंधरा. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. साडेचार! दहा टक्के कुठल्याही पानावर नाहीत. 'हमखास' हा शब्द खरा आहे, रक्कम करमुक्त आहे हेही खरं, पण हमी साडेचार टक्क्यांची आहे.

तुलनेला काही धाडसी पर्याय नको, साधं पीपीएफ घ्या. एका व्यक्तीला वर्षाला दीड लाखाची मर्यादा. तुमचं एक खातं, पत्नीचं एक, मिळून बरोबर 3 लाख. मुदत 15 वर्षं, पुढे पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल 2020 पासून दर 7.1 टक्के आहे. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, म्हणून 7 धरतो. दहा वर्षं भरून विसाव्या वर्षी काढले तर 87 लाखांच्या आसपास होतात आणि तेही करमुक्त. सरकारी हमीचे 87 लाख सोडून 60 लाखांची हमी घेण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आणि हा अजून निम्माच घोटाळा आहे. हप्ते तुमच्या कमाईतून गेलेच नाहीत. दोन्ही हप्ते सीसी खात्यातून गेले, साडेअकरा टक्क्यांनी. सहा लाखांवर वर्षाचं व्याज 69 हजार. पॉलिसी त्यावर कमावते 27 हजार, आणि तेही हातात विसाव्या वर्षी. फरक 42 हजार. ज्या घड्याळासाठी तुम्ही ईएमआय शोधताय, तेवढी रक्कम दरवर्षी या पॉलिसीपायी जाते आहे. तिसरा हप्ताही असाच गेला तर फरक 63 हजारांवर जाईल.

सीसी ही चिरा, सिमेंट, मजुरी यासाठी असते, ग्राहकाचं बिल येईपर्यंतची सोय म्हणून. त्यातले पैसे पॉलिसीत गेले म्हणजे ते धंद्यात गेलेच नाहीत, आणि त्यावरचं व्याज धंद्याच्या खर्चात दाखवता येत नाही. तुमच्या सीएंनी ते दाखवलं असेल तर आजच विचारा. "पॉलिसी घेतली तर सीसीची फाइल लवकर सरकेल" असं तुम्हाला सांगणं तर सरळ गैर आहे. कर्जासाठी विमा बचत योजना गळ्यात मारता येत नाही. मी मंजुरीपत्र वाचलं, त्यात पॉलिसीचा उल्लेखही नाही. सीसीचं नूतनीकरण होतं ते खात्यातली उलाढाल, जीएसटी विवरणपत्रं आणि मालाचे हिशेब पाहून. हप्ता चुकला म्हणून मर्यादा काढून घेतील ही भीती मनातून काढून टाका.

या पॉलिसीत तुमच्या आयुष्यावरचं संरक्षण किती? 30 लाख. आज सीसीवर 13 लाख देणं आहे. तुम्हाला काही झालं तर 13 बँकेचे जातील, उरतील 17. घरखर्च महिना 50 हजार, वर्षाचे 6 लाख. तीन वर्षंसुद्धा निघत नाहीत, आणि धाकटा तेव्हा पंधराचा असेल. पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला ही वाटते, व्याजदरापेक्षाही. निव्वळ मुदत विमा, म्हणजे टर्म पॉलिसी, दीड कोटीचा घ्या, साठाव्या-बासष्टाव्या वर्षापर्यंतचा. तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण तीस-चाळीस हजार पडतील. शेवटी काही परत मिळत नाही म्हणून नाक मुरडू नका. "पैसे परत" देणारा प्रकार दाखवतील, तो नको.

क्रम महत्त्वाचा आहे. टर्मचा अर्ज या आठवड्यात करा, वैद्यकीय तपासणीला वेळ लागतो. तिसरा हप्ता भरू नका. वार्षिक हप्ता भरायला 30 दिवसांची वाढीव मुदत असते आणि तेवढे दिवस जुनं संरक्षण चालू राहतं. त्या काळात टर्म हातात आली पाहिजे.

त्याच आठवड्यात तक्रार करा, लेखी आणि दोन ठिकाणी. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा की विक्रीच्या वेळी दहा टक्क्यांचं आश्वासन दिलं आणि मुदत दहा वर्षं सांगितली. मेसेजचे फोटो जोडा. बँकेला लिहा की कर्जाच्या बदल्यात पॉलिसी घ्यायला लावली. रक्कम पूर्ण परत मागा, व्याजासह. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. बँकेबाबत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण लेखी मेसेज हातात असलेले ग्राहक फार थोडे असतात, तुम्ही त्यातले आहात. तक्रार निकाली निघेपर्यंत पॉलिसी सरेंडर करू नका (म्हणजे मुदतीआधी मोडू नका) आणि कुठल्याही "सेटलमेंट" कागदावर सही करू नका. तो अधिकारी घरी चहाला येईल, "साहेब, अजून तीनच वर्षं भरा" म्हणेल. चहा द्या, चेक देऊ नका.

घरखर्चाचे चार महिने, म्हणजे दोन लाख, मेअखेर वेगळ्या खात्यात हवेत. दर पावसाळ्यात काम थांबतं हे कोकणात ठेकेदाराला कुणी सांगायला नको, तरी हे पैसे आज तुमच्याकडे नाहीत. आईचं वय 71 आहे, त्यामुळे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. अजून काढलं नसेल तर काढा.

गोल्फमुळे "दोन-तीन बंगल्यांची कामं नक्की येतील" असंही लिहिलंय. तीन वर्षांत त्या ओळखीतून एक काम आलं, तेही त्याच ग्राहकाचं ज्याने तुम्हाला खेळायला नेलं. तुमच्या आकड्यांप्रमाणे पेट्रोल, फी, कॅडी, नाश्ता धरून एका फेरीला साडेचार हजार, वर्षाचे एक लाख आठ हजार. वडखळ, पेण, पनवेल करत जाऊन येऊन मन मोकळं होत असेल तर हा खर्च छंद म्हणून करा, माझी ना नाही. पण येणाऱ्या कामांच्या भरवशावर नको. आणि नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क लागतं, रोखीची सूट जाते ती वेगळीच.

तक्रार फेटाळली गेली तर प्रश्न उरेल की दोन हप्त्यांनंतर पॉलिसी सरेंडर करायची की पेड-अप ठेवायची, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू द्यायची. कंपनीकडून दोन्ही आकडे आत्ताच लेखी मागवा. समजा पेड-अप ठेवल्यावर विसाव्या वर्षी 12 लाख मिळणार आणि आज सरेंडर केलं तर 3 लाख. मग ते 3 लाख तिथेच ठेवण्याचा परतावा आठ टक्क्यांच्या आसपास येतो. सीसी नसती तर मी ठेवा म्हटलं असतं. साडेअकराची सीसी डोक्यावर असताना सरेंडर करा आणि सगळे पैसे सीसीत भरा. सरेंडरचे दीड लाख किंवा त्याहून कमी मिळणार असतील तर मात्र पेड-अपच राहू द्या, कारण तिथे परतावा साडेअकराच्या वर, सव्वाबाराच्या आसपास जातो. हप्ते चालू ठेवावेत असं मात्र यातल्या एकाही आकड्यातून निघत नाही. कंपनीचं पत्र आलं की मला पाठवा, बारा लाखांऐवजी वेगळा आकडा आला तर हिशेब नव्याने करून देतो.