समुद्र तापल्यावर शिकारी मासे आणि पक्षी उपाशी का मरतात?

पाणी तापले की शिकारी माशांची भूक वाढते आणि नेमके तेव्हाच भक्ष्य विरळ आणि निकस होते, म्हणून ते मासे आणि त्याच भक्ष्यावर जगणारे पक्षी उपाशी मरतात. माशांचा चयापचय पाण्याच्या उष्णतेबरोबर वेग घेतो. २०१४ ते २०१६ दरम्यान अलास्काच्या आखाताचे पाणी तापले, तेव्हा तिथल्या शिकारी कॉड माशांना अधिक अन्न लागू लागले, कॅपेलिनसारखे छोटे मासे मात्र विरळ झाले, आणि रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढे मासे लागणाऱ्या गिलेमॉट पक्ष्यांची दुहेरी कोंडी झाली. सुमारे ६२,००० मृत वा मरणासन्न पक्षी किनाऱ्यांवर सापडले, बहुतेक अगदी हाडांचे सापळे झालेले. वसाहतींतील मोजणीवरून एकूण मृत्यूंचा अंदाज सुमारे ४० लाखांचा आहे, आणि हा आकडा मला फार अस्वस्थ करतो. अर्थात सर्वच शिकाऱ्यांचे नुकसान होत नाही: त्याच काळात उबदार पाण्यातील ट्यूना कॅलिफोर्नियाजवळ अधिक मिळू लागले.