ऑप्शन फॉर्म मुलीलाच भरू द्या

सप्रेम नमस्कार,

तुम्ही इचलकरंजीहून लिहिलंय. मुलगी बारावी झाली, सीईटीत ९१ पर्सेंटाइल आहेत, तिला मेकॅनिकल हवंय आणि तुम्हाला कॉम्प्युटर. ‘मशिनचं जड काम मुलींचं नव्हे, तुम्ही तिची समजूत काढा,’ असं तुमचं म्हणणं. गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती पुढच्या वाक्याची: ‘इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, म्हणजे कॅपचं लॉगिन माझ्याकडे आहे, ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. कॉलेज आणि शाखांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म मीच भरणार, तिला नंतर सांगू.’

असं करू नका. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो स्वीकारला असंच धरतात, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणजे तिला कळेल तेव्हा तिच्या हातात काहीच उरलेलं नसेल. घरच्यांनी परस्पर शाखा ठरवलेली मुलं दुसऱ्या वर्षी केटी, म्हणजे राहिलेले विषय घेऊन माझ्याकडे येतात. विषय अवघड होता असं त्यांच्यातलं क्वचितच कुणी सांगतं. ‘मला विचारलंच नाही’ हेच पहिलं वाक्य असतं. तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्या नावाचा फॉर्म तिच्यापासून लपवून भरणं ही फसवणूकच आहे, आणि ती घरातल्या माणसाकडून झाली की जास्त लागते.

स्थळं काय म्हणतील, असंही तुम्ही विचारलंय. न भेटलेल्या माणसांच्या मतावरून मुलीची शाखा ठरवणं मला साफ चुकीचं वाटतं.

तुमच्या पत्रात एक तक्रार आहे. माग बंद पडला की ती अभ्यास टाकून माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरशेजारी जाते आणि आडवा धागा नेणारा धोटा का उडाला ते विचारत बसते. अहो, मला तर पत्रातली हीच सगळ्यात आशेची ओळ वाटली! धोटा उडण्याचं एक कारण वेळेचं असतं. उभे धागे वर-खाली होऊन वाट उघडते, तेवढ्यात त्यानं पलीकडे पोचायला हवं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मार बसायचा, म्हणून क्रँक शाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा एकच होतो. त्यावरच्या, धोट्याला मार देणाऱ्या कॅमची वेळ जराशी सरकली की धोटा अडकतो नाहीतर बाहेर येतो. तुमचा जॉबर हे आवाजावरून ओळखत असेल. मेकॅनिकलला गेल्यावर कॅमची हीच गती कागदावर काढायला आणि आकड्यांत मांडायला शिकवतात. तुमची मुलगी त्या विषयाच्या उंबरठ्यावर आधीच उभी आहे.

आता ‘जड काम’. मेकॅनिकलला अंगात ताकद लागते, हा समज फार जुना आहे. जड वस्तू उचलायला कारखान्यात क्रेन असते. इंजिनिअरचं काम वेगळं. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरचं बोअर, म्हणजे भोक असतं, त्याला दोन शतांश मिलिमीटरची सूट असते. सकाळी मापात आलेले नग दुपारी मापाबाहेर का गेले? टूल झिजलं, मशिन तापलं, की नग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये धातूची चिप अडकली? हे शोधायला मोजमाप, चिकाटी आणि ऑपरेटरचं म्हणणं ऐकून घ्यायची तयारी लागते. कुणी संगणकावर सुटा भाग डिझाइन करून तो कुठे तुटेल ते तपासतं, कुणी इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची उष्णता कशी बाहेर काढायची ते बघतं. १९४७ मध्ये बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात इला मजुमदार यांना सिव्हिल हवं होतं. बाहेर फिरण्याचं काम मुलीला झेपणार नाही म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्या मेकॅनिकलला गेल्या. १९५१ मध्ये पदवी घेतली, ग्लासगोत प्रशिक्षण घेतलं, मग डेहराडूनच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी केली.

कडू भागही सांगते. सुरुवातीचा पगार बहुतेकदा सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो. पहिलं वर्ष ट्रेनी म्हणून जातं, एमआयडीसी गावाबाहेर असते, शॉपफ्लोअरवर तासन् तास उभं राहावं लागतं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं स्त्रियांना रात्रपाळीपासून दूर ठेवलं होतं. आता त्यांची संमती आणि सुरक्षिततेची सोय असेल तर ती देता येते. लहान कारखान्यांत स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृहही नसतं, आणि याची मला चीड येते. पदवीनंतर गेटची परीक्षा देऊन सरकारी कंपन्यांचा रस्ता आहेच.

मी तिची समजूत काढणार नाही. त्याऐवजी ओळख काढून तिला कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत, मशिन शॉपमध्ये आठवडाभर पाठवा. भट्टीची धग, कूलंटचा वास, आवाज, सगळं तिला बघू दे. नुसती गाड्यांची हौस असेल तर तिथे ती ओसरेल. मग ती आपण होऊन कॉम्प्युटर म्हणाली, तर मी तुमच्याइतकीच खूश होईन.

कॉलेजं बघायला जाल तेव्हा दोघं मिळून वर्कशॉपमध्ये जा. मुलं लेथवर स्वतः हात चालवतात की लांबून बघून जर्नल पूर्ण करतात, हे शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा. तिची इंटर्नशिप कुठे झाली, तेही विचारा. प्रश्न मात्र तुमच्या मुलीला विचारू द्या.