यात्रेची शर्यत तिथीवरून रविवारवर नेताय? जरा थांबा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. यात्रेतला बैलगाडा यंदा तिथी सोडून पुढच्या रविवारी भरवला, टोकनं (गाड्यांच्या नावनोंदणीच्या चिठ्ठ्या) निम्मीच गेली, वर्गणीला गेलं की लोक "उद्या या" म्हणतात, आणि आता कमिटीतली पोरं म्हणतायत की कायमचाच रविवार करून टाकू म्हणजे गर्दी होईल. आमच्या गावाची सेम हीच गत झाली होती म्हणून एवढं लांबलचक टाइप करतोय. मी उत्तर पुणे जिल्ह्यातला, घाटातला (घाट म्हणजे आमच्याकडं गाडे पळतात ती चढाची धावपट्टी) माणूस. सातारा-सांगलीकडची मैदानं, गट-सेमी-फायनल किंवा विदर्भातला शंकरपट (तिकडची बैलांची शर्यत) यातलं मला फार कळत नाही, तिकडच्यांनी आपलं आपलं बघून घ्यावं.

परवानगीच्या कागदांवर वेळ घालवत नाही. 15 दिवस आधी अर्ज, 50 हजार अनामत, बैलांचे डॉक्टरी दाखले, शर्यतीचं व्हिडिओ शूटिंग, हे तुमच्या कमिटीला पाठ असणारच. आम्हाला जे नडलं ते कागद नाहीत, एक ऑफिस. कुठलं ते विचारू नका, मला अजून त्याच तालुक्यात राहायचंय. फाईल पूर्ण होती. पहिल्यांदा सांगितलं अमुक खात्याचा ना हरकत दाखला आणा, त्या खात्यात गेलो तर ते म्हणाले आम्ही असला दाखला देतच नाही, परत आलो तर टेबलावरचा माणूस म्हणतो मग तसं त्यांच्याकडून लेखी आणा. जे देत नाहीत ते लेखी तरी कसं देतील! मग साहेब मीटिंगला, मग साहेब दौऱ्यावर, मग बंदोबस्ताला माणसं नाहीत. शेवटी तिथी उलटून गेल्यावर परवानगी आली, ती पण पुढच्या आठवड्यातल्या तारखेची, आणि ही तारीख कुणी ठरवली म्हणून विचारलं तर कुणालाच माहीत नाही. त्याच दिवशी शेजारच्या तालुक्यात थार जीपचं बक्षीस असलेली मोठी शर्यत. आता सांगा, कुठला गाडामालक थार सोडून आमच्या रोख इनामाला आणि ढालीला येणार?

पण गाडे कमी आले याचं मला एवढं वाईट वाटत नाही, ते भरून निघतं. खरं नुकसान गावात झालं आणि ते दुसऱ्या वर्षी कळलं.

तिथीला गावात काय काय बांधलेलं असतं बघा. सकाळी अभिषेक, मग मांडवडहाळे (देवाच्या मांडवाला डहाळ्या वाजतगाजत आणतात ते), दुपारी घाटात बाऱ्या (एकेका गाड्याची धाव), रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाचीच हजेरी (सकाळचा खेळ) आणि संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा. लेकी माहेरी येतात, जावई येतात, मुंबईकर सुट्टी टाकून येतात. नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन तमाशाची सुपारी आपण पाडव्यापासून देऊन ठेवतो, ती तारीख फडमालक बदलत नाही आणि का बदलावी त्याने, त्याचा पुढचा मुक्काम दुसऱ्या गावाला ठरलेला असतो. त्यामुळे आमच्याकडं देव एका दिवशी, तमाशा त्याच दिवशी, आणि गाडा पुढच्या आठवड्यात. पाहुणे आले, जेवले, रिकामा घाट बघून निघून गेले. गाड्याच्या दिवशी गावात आले कोण तर बाहेरची पोरं, यूट्यूबवाले आणि पुढाऱ्यांच्या गाड्या. गावातली निम्मी माणसं घरात बसून मोबाईलवर लाईव्ह बघत होती, घाट अर्ध्या किलोमीटरवर असताना!

पुढच्या वर्षी वर्गणीला गेलो तर एका म्हाताऱ्या बाबांनी सरळ सांगितलं की देवाची वर्गणी देतो, गाड्याची ज्याचा फोटो फ्लेक्सवर आहे त्याच्याकडून घ्या. मला राग आला होता तेव्हा, पण बोलणं चुकीचं नव्हतं. तिथीला होते तोवर ती गावाची शर्यत असते आणि घरटी वर्गणी निघते, रविवार केला की तो कार्यक्रम होतो आणि कार्यक्रमाला लोक स्पॉन्सर शोधायला सांगतात. गर्दी वाढेल हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. गर्दी पाहिजे का गाव पाहिजे हे मात्र आधी कमिटीत बसून ठरवा.

आणि रविवारची सुट्टी हे कारण पण आपल्याकडं अर्धवटच आहे. चाकण-भोसरीतल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, शिफ्टवाल्या पोरांना रविवार आणि सोमवार सारखेच.

दुसरं, शेतं. कुणी बोलत नाही यावर. घाटाच्या पायथ्याची शेतं तिथीच्या सुमाराला मोकळी असतात, कांदा निघालेला असतो, मालक आनंदाने गाड्या लावू देतो, टेम्पो उभे राहतात. तारीख पुढं गेली की त्याने टोमॅटोची लागण केलेली, ड्रिप अंथरलेलं. आमच्या वेळी टेम्पोवाल्यांनी नळ्या तुडवल्या आणि भरपाई कोण देणार यावरून जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही, त्या भावकीतलं एक घर तेव्हापासून यात्रेला रुपया देत नाही. मला वाटतं ते बरोबर आहेत, पण कमिटीत हे बोलायची सोय नाही.

शर्यतींवरच्या बंदीचाही हात आहे यात. 2014 च्या निकालापासून 16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टाने परवानगी देईपर्यंत आमचा घाट ओसाड पडला होता, कडेचा मुरूम लोकांनी रस्त्याला उचलून नेला, आणि ज्यांना धावपट्टी कशी बांधायची, पाणी किती मारायचं हे कळत होतं ती माणसं थकली. मग नवीन पोरांनी यूट्यूबवरच्या मोठ्या मैदानांचं बघून शर्यत म्हणजे डीजे, एलईडी स्क्रीन, ड्रोन असं धरलं. मे 2023 ला घटनापीठाचा निकाल आला तेव्हा फटाके आम्हीपण वाजवले, पण कोर्टाने शर्यत वाचवली, वर्गणी काय कोर्ट गोळा करून देणार नाही.

आता मी काय करीन ते सांगतो. मी वकील नाही, नियम आणि कुणाची सही लागते हे बदलत असतं, तुमच्याकडं विचारून घ्या.

तिथी पंचांगात वर्षभर आधी दिसते, तर 15 दिवसांची वाट बघत बसू नका, अर्ज दोन महिने आधी टाका आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात "ग्रामदैवताची यात्रा, तिथी अमुक" हे पहिल्या ओळीत लिहा. कुणी तोंडी त्रुटी सांगितली तर गोड बोलून लेखी मागा, निम्म्या त्रुटी तिथंच गायब होतात. हे आम्हाला फार उशिरा एका रिटायर्ड तलाठ्याने सांगितलं. निवडणुकीचं वर्ष असेल तर अजून आधी. 2024 ला आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि शिरूर लोकसभेचं मतदान 13 मे ला होतं, यात्रांचा अख्खा चैत्र त्यात गेला, कित्येक गावांची धावपळ झाली. लम्पीसारखी जनावरांची साथ आली तर मग तुमच्या हातात काहीच नाही, 2022 ला बघितलंच आपण.

आणि इतकं करूनही तिथीला परवानगी नाही मिळाली तर माझं मत असं की त्या वर्षी गाडा नका भरवू. यात्रा करा, तमाशा करा, कुस्त्या करा. लोक शिव्या देतील, पण ऑफिसला देतील, कमिटीला नाही. याच्यावर आमच्याच गावात माझ्याशी कोणी सहमत नाही हे पण सांगून ठेवतो.

इनाम वाढवायच्या नादाला लागू नका, जेसीबी आणि बुलेट वाटणाऱ्यांच्या पुढं गावाचा काय टिकाव लागणार. त्यापेक्षा गावच्या आणि शिवेवरच्या गावांच्या गाड्यांना आधी टोकन द्या, ते पण फुकट. बैल वर्षभर दूध-अंडी घालून पोसणारा माणूस गावात असताना त्याची बारी अंधार पडल्यावर येते, हे पाप आहे.

काठी, चाबूक, शॉक याबाबत माईकवरून सांगून भागत नाही, सुटायच्या जागेला गावातलीच दोन कडक माणसं उभी करा. एक क्लिप फिरली की पुढच्या वर्षीची फाईल उघडणार पण नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यात प्राणीमित्रांना नावं ठेवून उपयोग नाही.

बाकी घड्याळाचं तेवढं बघा. अकरा-बारा सेकंदाच्या बारीत पॉइंटवर, म्हणजे सेकंदाच्या अंशावर, निकाल असतो आणि सगळी भांडणं तिथंच होतात. घड्याळवाला बाहेरगावचा घ्या, पैसे आदल्या दिवशी द्या, आणि स्टेजवर त्याच्या शेजारी पुढाऱ्याची खुर्ची ठेवू नका.