प्रवासाचं विचारा : किलोमीटर नको, तिथी बघा

प्रश्न : फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस सुट्टी मिळतेय. पुण्याहून अलिबागला जाऊन तिथून समुद्राच्या कडेकडेने गोव्यापर्यंत गाडी घेऊन जायचा विचार आहे. सोबत बायको, दोन मुलं आणि आई (वय ७१, पूर्ण शाकाहारी). मॅपवर बघितलं तर जमेल असं वाटतंय. कुठे कुठे थांबावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही जमणार हो, आणि जमवलंत तरी चार दिवस गाडीच्या काचेतून माड बघण्यात जातील. किनाऱ्याचा रस्ता मॅपवर सरळ दिसतो पण मध्ये खाड्या येतात, रस्ता अरुंद, गावातून एसटी समोर आली की कोणीतरी मागे घ्यायची, आणि काही ठिकाणी अजून गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, चढवूनच पलीकडे जावं लागतं. त्यामुळे माझं ऐका, गोवा सोडा, अलिबाग पण सोडा. हरिहरेश्वर ते गुहागर एवढंच करा.

आता मुख्य गोष्ट. तारीख ठरवायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि तिथी बघा. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसातून दोनदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं पण प्लॅनिंगला पुरतं.

हे शिकलो कसं ते सांगतो. हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे, कातळातली अरुंद चीर, भरतीला लाट आत घुसते आणि पाणी उंच उसळतं. आम्ही चार तास गाडी हाणून पोचलो तर चिरेत पाणी नाहीच, एक खेकडा होता, तो पण आम्हाला बघून आत गेला. वरून एक आजी चालल्या होत्या, म्हणाल्या, "आत्ता काय बघायला आलात, पाणी तर कधीच उतरलं." पोरं हसली, मी नाही.

तर तुम्ही असं करा, प्रतिपदेला निघा. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत संध्याकाळपर्यंत हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी द्वितीया, भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास, तेव्हाच देवळामागची समुद्राकडची प्रदक्षिणा करायची. भरतीत तिथे उतरू नका, खडक निसरडे आहेत आणि लाट सांगून येत नाही. आईंना देवळातच बसू दे, पायऱ्या आणि खडक त्यांच्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत.

मग बागमांडल्याहून फेरीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरा. वाटेत वेळास लागेल, कासवांचं गाव, २००२ पासून तिथे घरटी राखतात. पण पिल्लं सोडतात सकाळी नाहीतर संध्याकाळी, तेही त्या दिवशी अंड्यातून बाहेर आली तर, भर दुपारी जाऊन मुलांना नुसती वाळू दिसेल. कासवांसाठी वेगळा मुक्काम करा कधीतरी. पुढे केळशी, मग आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे आईंचं दर्शन आरामात होईल, आणि तिथून सुवर्णदुर्ग पाण्यात बसलेला दिसतो ना, तो बघायला मात्र घाई करू नका. संध्याकाळी हर्णैला मासळीचा लिलाव. वास येणारच, आईंना रूमवर सोडून या.

तिसरा दिवस तृतीया, भरती सव्वादोनला. सकाळी लवकर दाभोळ गाठा. दाभोळ–धोपावे फेरीत गाडी चढवली की वाशिष्ठी ओलांडायला थोडाच वेळ लागतो, पण फेरी चुकवून रस्त्याने खेड-चिपळूण फिरून गुहागरला जायचं म्हटलं तर शंभराच्या वर किलोमीटर पडतात. सुट्टीला गाड्यांची रांग लागते, आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा. मग हेदवीचा दशभुज गणेश आणि दोनच्या आत बामणघळ. अमावास्या किंवा पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असेल त्यामुळे पाण्याला जोर असेल. मुलांचा हात सोडू नका आणि कडेवर उभं राहून सेल्फी तर अजिबात नको.

मुक्काम गुहागर किंवा वेळणेश्वर. जेवणाची काळजी करू नका, घरगुती खानावळीत साधं जेवण छान मिळतं, फक्त उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी गेलात तर "संपले" ऐकायची तयारी ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या, रेंज गेली की यूपीआय पण गेलं. पेट्रोल श्रीवर्धनला फुल करा.

चौथ्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज आणि हायवेने पुणे. आईंनी गणपतीपुळ्याचा हट्ट धरला तर सांगा, दोन गणपती झालेत, आणि त्या दिवशी चतुर्थी आहे, रांगेत उभं कोण राहणार.