रवांडात वाचलेल्यांनी मारेकऱ्यांना माफ करण्याइतकं मोठं मन आणलं कुठून?

या 'मोठ्या मना'वरून माझं एका माणसाशी कायमचं बिनसलंय, म्हणून लिहितो.

2007 ते 2010 मी किगालीत, म्हणजे रवांडाच्या राजधानीत, एका कंपनीचे अकाउंट्स बघायचो. ऑफिसातली एक बाई 1994 साली, हुतू अतिरेक्यांनी तुत्सींचा वंशसंहार केला तेव्हा, दलदलीतल्या लव्हाळ्यात लपून वाचली होती. एकदा म्हणाली, गावात गचाचा आहे, एकटीला जाववत नाही, येता का? (गचाचा म्हणजे उघड्यावर भरणारं गावकोर्ट. पंच गावातलेच. 2012ला बंद झाली.)

झाडाखाली बाकं, गळ्यात पट्टे घातलेले पंच, गुलाबी कपड्यांतला कैदी. तो घडाघडा बोलला. कबूल केलं की शिक्षा घटते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माफी मागताना बघत होता पंचांकडे. हिने एवढंच विचारलं, "भावाला कुठे टाकलंस?" त्याने एका संडासाच्या खड्ड्याची जागा सांगितली. माफ करतेस का, पंचांनी विचारलं. तिने मान हलवली. वहीत नोंद झाली.

परतताना म्हणाली, "आणखी दोघे भाऊ कुठे आहेत, तेही त्यालाच माहीत आहे."

सोमवारी आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. क्षमा वीरस्य भूषणम् वगैरे. ती खाली बघत बसली. मी म्हटलं, साहेब, तिला विचारलंत का? तर मीच कडवट ठरलो.

अहो, मारेकरी परत त्याच डोंगरावर, शेजारच्या घरात राहायला येत होता. 2003पासून कबुली दिलेले हजारो कैदी सोडले. रोजची वाट एक, पाणी एक. त्याच्याशी बोलावंच लागतं. त्याला समेट म्हणा हवं तर. माफी मागायचा हक्क त्याला असेल, पण ती मिळालीच पाहिजे हे कुणी ठरवलं? आणि लांबून बघणाऱ्यांनी तर टाळ्या वाजवूच नयेत.

मनापासून माफ केलेलेही असतील, नाही म्हणत नाही. मी एकच गाव पाहिलं. आणि लाखाच्या वर कैदी तुरुंगांत कोंबलेले असताना नेहमीची कोर्टं पुरी पडली नसती, हेही खरं. पण आरपीएफच्या (वंशसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या, तुत्सींच्या नेतृत्वाखालच्या बंडखोर संघटनेच्या) सैनिकांनी केलेल्या हत्या गचाचापुढे आल्याच नाहीत. त्यांची माफी कुणी कुणाकडे मागायची?

साहेब वाचत असतील तर त्यांच्यासाठी : दुसरा भाऊ 2009मध्ये सापडला. तिसरा मी निघेपर्यंत नाही.