'तेआत्रोफोन' या फ्रेंच शब्दाचा अर्थ काय?

शब्द फोडला की अर्थ दिसतो: 'तेआत्र' म्हणजे नाट्यगृह आणि 'फोन' तोच, आपल्या 'टेलिफोन'मधला. घरबसल्या टेलिफोनवरून ऑपेरा (गाण्यांतून रंगणारं नाटक) ऐकायची सोय, तीही रेडिओ येण्याच्या कितीतरी आधी!

१८८१ साली पॅरिसमध्ये विजेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने पॅरिसच्या ऑपेरागृहातल्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला ट्रान्समीटर (आवाज टिपणारी यंत्रं) बसवले आणि तारा थेट प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. ऐकणाऱ्याला दोन रिसीव्हर मिळत, दोन्ही कानांना एकेक. त्या रिसीव्हरांत आवाज येई तो रंगमंचावरच्या वेगवेगळ्या जागांवरून, त्यामुळे गायक डावीकडून उजवीकडे गेला की ते कानांनीच कळे. म्हणजे स्टिरिओच की! मला यातलं सर्वांत भारी हेच वाटतं, कारण 'स्टिरिओ' घराघरांत पोचायला पुढे सत्तरेक वर्षं लागली. लेखक व्हिक्टर ह्यूगोनेही त्याच वर्षी हा प्रकार ऐकला होता.

१८९० मध्ये याची रीतसर कंपनी निघाली. हॉटेलांत, कॅफेंत नाणं टाकून ऐकायची यंत्रं लागली. ५० सांतीम (म्हणजे अर्धा फ्रँक) टाकले की पाच मिनिटं गाणं. घरी वर्गणी भरूनही ऐकता येई. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त असाच वर्गणीदार होता.

पुढे रेडिओ आला आणि १९३२ मध्ये ही सेवा बंद पडली.

जाता जाता: विमानासाठीचा फ्रेंच शब्द 'आव्हियाँ' हाही याच आदेरने घडवलेला, 'पक्षी' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.