ते चित्र यादीतून काढ

बाळा,

गॅलरीला सगळी चित्रं हवीत, ते नदीकाठचं मोठंसुद्धा, आणि ‘नाही’ म्हणायला तुझी जीभ रेटत नाही. देऊ नकोस ते.

चित्रकार रुबेन्स 30 मे 1640 रोजी अँटवर्पमध्ये वारला तेव्हा त्याच्या घरात तीनशेच्या वर चित्रं होती. काही इतरांची, पण स्वतःची कितीतरी. राजेरजवाड्यांची कामं करणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, असं कोण म्हणेल? त्याने ती ठेवली होती.

1628-29 मध्ये माद्रिदला असताना त्याने राजवाड्यातल्या टिशियन या जुन्या व्हेनिसच्या चित्रकाराच्या चित्रांवरून चित्रं केली. ‘आदम आणि ईव्ह’ नीट बघ. टिशियनचा आदम मागे रेललेला आहे. रुबेन्सने त्याला ईव्हकडे झुकवला, वर लाल पोपट बसवला. नक्कल करता करता घातलेला वाद आहे तो. असा वाद विकतात का? तो हाताशी ठेवायचा, अडलं की त्याच्यापुढे उभं राहायचं.

त्याच्या मृत्यूनंतर स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाने त्याच्या संग्रहातून खरेदी केली. त्यात ‘तीन ग्रेसेस’ हे तीन ग्रीक देवतांचं चित्र होतं, ओकच्या फळ्यांवरचं, 220.5 बाय 182 सेंटिमीटरचं. टिशियनवरून केलेल्यांपैकी काही चित्रंही होती. ‘तीन ग्रेसेस’ आणि ‘आदम आणि ईव्ह’ आज माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहेत. पण राजा येईल म्हणून ठेव, असा अर्थ काढलास तर मी रागावेन. राजा आला तेव्हा रुबेन्स नव्हता.

ठेवल्याने काय मिळतं ते रुबेन्सच्या स्टीन नावाच्या गढीच्या निसर्गचित्रात दिसतं. 1635 मध्ये घेतलेल्या या गढीचं ते चित्र त्याने फळ्या जोडत जोडत वाढवलं. मागणीच्या चित्राचं माप गिऱ्हाईक ठरवतं, स्वतःचं चित्र वाढू शकतं. तू मात्र फळीला फळी जोडणार असशील तर लाकडातल्या रेषा एकाच दिशेला ठेव. लाकूड रेषांना आडवं फुगतं आणि आकसतं. दिशा बदलली की सांधा ताणला जातो, रंग तडकतो.

आणि ठेवायचं म्हणजे माळ्यावर टाकायचं नाही. जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो, म्हणून उजेडात टांग, थेट उन्हात नको. भिंत ओल धरत असेल तर मागे बोटभर हवा खेळू दे. जाड रंग असेल तर वर्षभर वॉर्निश लावू नकोस. मागच्या बाजूला वर्ष आणि माप लिही.

हे असं ठासून सांगतोय, कारण दिलेलं चित्र पुन्हा समोर उभं करता येत नाही. हे मला फार उशिरा कळलं. भाडं थकलं असेल तर दुसरी दोन विक. हे ठेव. उद्या गॅलरीला नवी यादी पाठव, त्यात ते नसू दे.